पाचवीत पहिल्या तिनांत, सहावीत गणितात सात

प्रश्न : माझी मुलगी पाचवीपर्यंत गावच्या जिल्हा परिषद शाळेत होती. कायम पहिल्या तिनांत असायची. यंदा जूनला तालुक्याच्या हायस्कुलात सहावीला घातली, सेमी इंग्रजीला. पहिल्या घटक चाचणीत गणितात २० पैकी ७ आणि विज्ञानात ९ पडले. पेपर तिने दप्तराच्या तळाला दडवला होता, तो मला दहा दिवसांनी सापडला. शाळेत निघायच्या वेळी पोट दुखतं म्हणते. काही विचारलं की ‘काही नाही’ म्हणून आतल्या खोलीत जाते. मिस्टर म्हणतात, आत्ताच क्लास लावू, नाहीतर गाडी हातची जाईल. सासूबाई म्हणतात, मराठीतच ठेवायला हवी होती. मी स्वतः दहावी झालेली, तीही मराठीतून. मी तिला काय मदत करणार?
— एक आई, सातारा जिल्हा

उत्तर :

ताई, क्लासचा निर्णय दोन आठवडे पुढे ढकला आणि तो दडवलेला पेपर परत बाहेर काढा. त्यावरचा सातचा आकडा एकदा बघून झाला, आता तो विसरा. काय चुकलं यापेक्षा कसं चुकलं हे बघायचं आहे, आणि ते लेकीला शेजारी बसवूनच बघायचं.

प्रत्येक चुकलेल्या प्रश्नासमोर पेन्सिलीने एक अक्षर लिहायला तिला सांगा. मुळात समजलंच नव्हतं तर ‘न’. येत होतं, पण प्रश्नातलं इंग्रजी कळलं नाही तर ‘भ’. येत होतं, हातून चुकलं तर ‘ह’. वेळ संपला किंवा घाबरून सोडून दिलं तर ‘व’. अक्षर तिनेच ठरवायचं, तुम्ही नाही. पंधरा मिनिटांत कळेल की सात मार्क हे एक दुखणं नसून तीन-चार वेगवेगळी दुखणी आहेत, आणि प्रत्येकाचं औषध वेगळं आहे. ‘भ’ जास्त आले तर गणिताचा क्लास लावून काही होणार नाही. ‘न’ जास्त आले तर इंग्रजी पक्कं करूनही भागणार नाही.

सहावीच्या गणितात ठरलेल्या दोन जागी मुलं आपटतात, त्या सांगून ठेवतो. पहिली, ऋण संख्या. −७ + ४ याचं उत्तर −११ असं लिहिलेलं बघाल. याला निष्काळजीपणा म्हणू नका. मूल सात आणि चार मिळवतं आणि पुढचं वजाचं चिन्ह सगळ्या बेरजेला लावून टाकतं. आजवर चिन्ह दोन संख्यांच्या मध्ये असायचं, ते आता संख्येच्या कपाळावर आलंय, हे त्याला कुणी बसून सांगितलेलं नसतं. गावात पायऱ्यांची विहीर असेलच. काठ म्हणजे शून्य. सात पायऱ्या खाली उतरलीस, चार वर आलीस, आता कुठं आहेस? तीन पायऱ्या खाली. म्हणजे −३. अशी दहा गणितं तोंडी झाली की मगच वहीत.

दुसरी जागा अपूर्णांकांची बेरीज. ३/४ + २/५ = ५/९. वरचे वर मिळवले, खालचे खाली. मुलाच्या लेखी अपूर्णांक म्हणजे एकावर एक ठेवलेल्या दोन संख्या असतात, एकच संख्या नसते. त्यासाठी कागदाची बरोबर २० सेंटिमीटर लांबीची पट्टी कापा. तिचा ३/४ किती? १५ सेंटिमीटर. २/५ किती? ८ सेंटिमीटर. दोन्ही मिळून २३. पट्टीपेक्षा ३ सेंटिमीटर जास्त, म्हणजे २३/२०. आता तिचं ५/९ त्याच पट्टीवर मोजायला सांगा. जेमतेम ११ सेंटिमीटर भरतं. दोन तुकडे जोडले आणि आलेलं उत्तर पहिल्या तुकड्यापेक्षाही लहान! हे तिच्या डोळ्यांना दिसलं की छेद सारखे का करायचे, हे वेगळं समजावावं लागत नाही. २० हाच छेद का, तर ४ आणि ५ या दोघांचा तो लसावि आहे. पट्टीही म्हणूनच २० ची घेतली.

आता जरा मागे जाऊ. सहावीची बरीचशी अडचण खरं तर चौथी-पाचवीची उधारी असते. एका रविवारी तिच्याकडून या चार गोष्टी करून घ्या, सहज, परीक्षा आहे असं न म्हणता : पाढे दोन ते बारा उलटसुलट विचारून, ६१२ ÷ ६, ३ − १.२५, आणि ०.५ मोठा की ०.२५? भागाकाराचं उत्तर १२ आलं, तर मधलं शून्य गळतंय (खरं उत्तर १०२). वजाबाकीचं उत्तर २.२५ आलं, तर दशांशचिन्हाच्या दोन्ही बाजूंना ती दोन वेगळी गणितं समजते. ०.२५ मोठा म्हणाली, तर पंचवीस पाचापेक्षा मोठे म्हणून. पाढ्यात सात-आठच्या घरात अडखळली, तर लसावि-मसावि आणि पुढे गुणोत्तर-प्रमाण सगळंच रखडणार. तिला गुणाकार करताना विचार करावा लागतो आणि मूळ गणिताचा विचार करायला डोक्यात जागाच उरत नाही.

इथे तुमचं ‘मराठीतून दहावी’ कामाला येतं. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, ही तुमच्या रोजच्या बाजारातली भाषा म्हणजे दशांश अपूर्णांकच आहेत. अर्धा किलो जास्त की पाव किलो, हे सहावीतली मुलगी झोपेतही सांगेल. तीन रुपयांतून सव्वा रुपया दिला तर पावणेदोन उरतात, म्हणजे १.७५. पुस्तकातला बिंदू आणि आईच्या तोंडचा ‘सव्वा’ एकच आहेत, हे जोडून द्यायला कुठल्याही पदवीची गरज नाही.

सेमी इंग्रजीचं म्हणाल तर सासूबाईंचं म्हणणं अगदीच सोडून देण्यासारखं नाही, पण माध्यम लगेच बदलायची घाईही करू नका. पहिल्या चाचणीला मुलं पारिभाषिक शब्दांपेक्षा साध्या शब्दांना जास्त अडतात. ‘फोटोसिंथेसिस’ सरांनी दहा वेळा सांगितलेलं असतं, ते पाठ होतं. प्रश्नाच्या सुरुवातीचा ‘स्टेट’ मात्र कुणी सांगत नाही, आणि मुलीच्या लेखी स्टेट म्हणजे महाराष्ट्र. तिथे त्याचा अर्थ ‘लिहा, सांगा’ एवढाच असतो. ‘प्रॉडक्ट’ म्हणजे दुकानातली वस्तू नव्हे, गुणाकार. ‘डिफरन्स’ म्हणजे गणितात वजाबाकी, तोच शब्द विज्ञानात ‘फरक’. ‘व्हेरिफाय’ म्हणजे पडताळून बघा, ‘सिम्प्लिफाय’ म्हणजे सोपं रूप द्या, ‘गिव्ह रीझन्स’ म्हणजे कारणे द्या. असे पंचवीस-तीस शब्द पुन:पुन्हा येतात. एका छोट्या वहीत तीन रकाने आखा : इंग्रजी शब्द, मराठी अर्थ, आणि तो शब्द असलेला पुस्तकातला एक प्रश्न. दिवसाला पाच शब्द, त्याहून जास्त नाही. तिसरा रकाना गाळू नका. नुसता अर्थ पाठ केला की पेपरात तो शब्द ओळखू येत नाही.

दुसरी युक्ती अगदी साधी असून फार थोडे पालक वापरतात. गणित आणि विज्ञानाची पुस्तकं दोन्ही माध्यमांना बालभारतीच काढते. पाठ तेच असतात, त्यांचा क्रम तोच, आकृत्याही त्याच. सहावीची मराठी माध्यमाची पुस्तकं गावातल्या एखाद्या मुलाकडून मागून आणा, किंवा ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून पीडीएफ फुकट उतरवून घ्या. विज्ञानाचा पाठ शाळेत सुरू होण्याच्या आदल्या दिवशी तिने तो मराठीतून एकदा गोष्टीसारखा वाचायचा, दहा मिनिटं. दुसऱ्या दिवशी बाई इंग्रजीतून शिकवतात तेव्हा विषय ओळखीचा असतो, फक्त शब्द नवे असतात. एका वेळी दोन्ही नवे असले की मूल वर्गात नुसतं बसून राहतं. दिवाळीनंतरही ‘भ’ची संख्या हलली नाही, तर माध्यमाचा विचार शाळेशी बोलून जरूर करा. तोपर्यंत ‘तुला झेपत नाही’ हे वाक्य घरात नको, सासूबाईंच्या तोंडीही नको. तेवढं त्यांना तुम्हीच सांगा, मुलीसमोर नव्हे.

आता मार्कांपलीकडची गोष्ट, आणि आमच्या मते खरं मूळ इथे आहे. प्राथमिक शाळेत एकच बाई दिवसभर असतात. कोण जेवलं नाही, कुणाची वही अपुरी, कुणाचा चेहरा उतरलाय, सगळं त्यांच्या ध्यानात असतं. हायस्कुलात प्रत्येक विषयाला वेगळे शिक्षक, ३५-४० मिनिटांची तासिका, घंटा झाली की सर गेले. गणिताच्या सरांना माहीत नसतं की विज्ञानाच्या बाईंनीही उद्यासाठीच आकृत्या दिल्यात. पूर्ण चित्र कुणाकडेच नसतं. ते सांभाळायचं काम अकरा वर्षांच्या पोरीवर येऊन पडतं, आणि ते कसं करायचं हे कुठल्याच विषयाच्या पुस्तकात नाही. पाचवीपर्यंत हुशार म्हणवली गेलेली मुलंच इथे जास्त गडबडतात, कारण त्यांना तोवर काही सांभाळावं लागलेलंच नसतं.

हे शिकवता येतं. एक खिशात मावेल अशी चाळीस पानी वही घ्या. रोज एक पान, वर तारीख. प्रत्येक तासिका संपताना एक ओळ : विषय, काय दिलं, कधी दाखवायचं. काही दिलं नसेल तरी ‘काही नाही’ असं लिहायचं. ओळच नसेल तर दिलं नव्हतं की लिहायचं राहिलं, हे संध्याकाळी कळत नाही. पहिले दोन आठवडे ती वही रोज रात्री तिच्यासोबत बघा आणि उद्याचं दप्तर वेळापत्रकाप्रमाणे तिच्याकडून भरून घ्या. भरून देऊ नका. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एक दिवसाआड बघा. पाचव्या आठवड्यापासून फक्त रविवारी. दप्तरही आपोआप हलकं होईल. वेळापत्रक सांभाळता आलं नाही की मुलं भीतीपोटी सगळीच पुस्तकं नेतात. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणात दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत असावं असं म्हटलंय, म्हणजे ३५ किलोच्या मुलीला साडेतीन किलो. एकदा तिचं दप्तर वाण्याच्या काट्यावर ठेवून बघा.

ही वही कशी फसते तेही सांगतो. मुलगी लिहायला विसरते, मग आई वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर विचारते, ‘आज गणितात काय दिलंय हो?’ पाच मिनिटांत कुणीतरी फोटो टाकतं. चार दिवसांत मुलीला कळतं की न लिहिलं तरी चालतं. पहिले दोन आठवडे हवं तर विचारा. नंतर नाही. तिला स्वतः मैत्रिणीला फोन करू दे, नाहीतर एक दिवस गृहपाठ अपुरा राहू दे. सहावीतला एक अपुरा गृहपाठ फार स्वस्तात पडतो.

अभ्यासाचा वेळ म्हणाल तर त्याच धोरणात सहावी ते आठवीसाठी गृहपाठ दिवसाला जास्तीत जास्त तासाभराचा सांगितलाय. त्यात आणखी अर्ध्या तासाची भर पुरे : दहा मिनिटं आज वर्गात जे झालं ते नुसतं चाळणं, दहा मिनिटं उधारीची पाच गणितं, दहा मिनिटं ते पाच शब्द. पंचवीस मिनिटं झाली की उठून पाणी, अंगणात एक चक्कर. चार-चार तास बसवून ठेवलेली मुलं त्यातले तीन तास वहीला समास आखत असतात. आणि झोप. या वयाला ९ ते १२ तास लागतात. सहाला उठायचं असेल तर नऊच्या आत अंथरुणात, फोन रात्री बाहेरच्या खोलीत चार्जिंगला, घरातल्या सगळ्यांचाच.

पोटदुखीला ‘नाटक’ म्हणू नका, पण लगेच सोनोग्राफीलाही धावू नका. आधी आठवडाभर कॅलेंडरवर खूण करा : कधी दुखलं, रविवारी दुखलं का, कोणत्या तासिकेच्या दिवशी जास्त दुखतं. फक्त गणिताच्या चाचणीदिवशी दुखत असेल तर ती धास्ती आहे, आणि धास्तीनेही पोट खरंच दुखतं. त्याबरोबर एक प्रश्न जरूर विचारा, बहुतेक घरांत तो विचारलाच जात नाही : ‘शाळेत बाथरूमला जातेस का?’ मोठ्या शाळेतली स्वच्छतागृहं घाण असतात, कडी नसते, मोठ्या मुली असतात, म्हणून कितीतरी मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग लघवीला जळजळ, बद्धकोष्ठ, पोटदुखी. डबा तपासता तशी पाण्याची बाटलीही संध्याकाळी तपासा. भरलेलीच परत आली तर उत्तर मिळालं. रात्री झोपेतून उठवणारी कळ, ताप, उलट्या, लघवीला जळजळ किंवा वजन कमी होणं, यातलं काहीही असेल तर मात्र डॉक्टरांकडे.

शरीराचंच चाललंय तर आणखी दोन-तीन गोष्टी. फळ्यावरून उतरवताना आकडे चुकतात का ते वहीत बघा. या वयात लांबचं बघायचा चष्मा लागायला सुरुवात होते आणि मुलांना स्वतःला ते कळत नाही, त्यांना वाटतं सगळ्यांनाच असं अंधुक दिसतं. दहा फुटांवरच्या कॅलेंडरच्या तारखा एकेक डोळा झाकून वाचायला लावा. दोन डोळ्यांत फरक वाटला किंवा ती डोळे बारीक करायला लागली, तर नेत्रतपासणी. पाळी आली नसली तरी बोलून ठेवा, आणि दप्तराच्या आतल्या कप्प्यात दोन पॅड, एक निकर आणि एक कागदी पिशवी असू द्या. पाळी शाळेत पहिल्यांदा आली आणि जवळ काही नसलं, तर ती महिनाभर शाळेला घाबरते. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात, ती मळमळते म्हणून मुली गुपचूप फेकतात. जेवल्यावर घेतली की मळमळ कमी होते. शौचाला काळपट होतं, त्याला घाबरायचं नाही.

‘काही नाही’ याला उपाय म्हणजे समोर बसवून विचारणं बंद करणं. शेंगा निवडताना, एसटीची वाट बघताना, दोघी एकीकडे बघत असताना या वयाची मुलं बोलतात. ‘आज काय झालं?’ ऐवजी ‘मधल्या सुट्टीत डबा कुणाबरोबर खाल्लास?’ विचारा. रोज वेगळं नाव येतं की रोज कुणीच नाही, यावरून बरंच समजतं. पेपर का दडवला, हे विचारूच नका, ते तुम्हाला माहीत आहे. ‘पुढचा पेपर आला की आधी मला दाखव, सही मी करीन, मार्कांवरून ओरडणार नाही’ एवढं म्हणा आणि ते पाळा. मिस्टरांनाही त्यात सामील करून घ्या, नाहीतर ती पेपर फक्त तुम्हाला दाखवेल आणि घरात दोन पक्ष होतील. तिला कुणी सतत त्रास देतंय, अंगाला हात लावतंय, पैसे मागतंय असं काही निघालं तर मुख्याध्यापकांना लेखी द्या. चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर चोवीस तास चालतो, मुलीलाही तो पाठ असू द्या.

वर्गशिक्षकांना पालकसभेच्या रांगेत गाठू नका, तिथे मार्कांपलीकडे बोलणं होत नाही. वहीत चिठ्ठी पाठवून दहा मिनिटांची वेळ मागा. ‘कशी आहे हो आमची?’ विचारलं की ‘हुशार आहे, लक्ष द्यायला सांगा’ हेच उत्तर मिळतं. त्यापेक्षा विचारा : वर्गात हात वर करते का? कुठल्या बाकावर बसते? वही अपुरी कोणत्या विषयाची असते? शेवटच्या बाकावरची नवी मुलगी दुसऱ्या-तिसऱ्या बाकावर आणली, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो, आणि ते शिक्षकांच्या हातात असतं.

मिस्टरांना क्लासबद्दल असं सांगा. क्लास शाळेच्याच वेगाने तोच धडा पुन्हा शिकवतो. लेकीची उधारी मागच्या दोन वर्षांतली असेल, तर तिला समजत नसलेली गोष्ट दिवसातून दोनदा ऐकावी लागेल आणि झोप दीड तासाने कमी होईल. दोन आठवड्यांनी पेन्सिलीच्या अक्षरांत ‘न’ फारच निघाले आणि पट्ट्या-विहिरी करूनही हलले नाहीत, तर शिकवणी लावा, पण एकाच विषयाची, आठ-दहा मुलांची, आणि ‘पाचवीचे अपूर्णांक आधी घ्याल का?’ याला हो म्हणणाऱ्याकडेच.

गाडीही इतक्यात सुटत नाही. महाराष्ट्रात वार्षिक परीक्षेत अनुत्तीर्ण झाल्यास पुनर्परीक्षा आणि त्यातही न जमल्यास त्याच वर्गात ठेवणं, ही तरतूद पाचवी आणि आठवीला आहे, सहावीला नाही. सांभाळायचं आहे ते पुढचं वर्ष. तुमचं हायस्कूल अनुदानित असेल आणि घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल, तर आठवीत ती एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसू शकते. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. मात्र त्यासाठी सातवीत ५५ टक्के लागतात (अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्के सवलत). म्हणजे तुमच्या हातात हे अख्खं वर्ष उधारी फेडायला आहे.

सहामाही दिवाळीच्या आधी येईल. तो पेपर हातात पडला की मार्क बघायच्या आधी तिच्या हातात पेन्सिल द्या आणि ‘न, भ, ह, व’ मोजायला सांगा. पहिल्या चाचणीचे आकडे कॅलेंडरमागे लिहून ठेवले असतीलच. मार्क सातचे नऊच झाले असतील, पण ‘भ’ सहावरून दोनवर आले असतील, तर कुठली वही चालू ठेवायची आणि कुठली बंद करायची, हे तीच तुम्हाला सांगेल.